वचनाच्या वरची ओळ

करंजाड्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर आशालताबाई साळवे राहायला आल्या, तेव्हा त्या मजल्यावरच्या चार घरांपैकी तीन घरांना कुलपं होती. घर त्यांच्या मुलाने, सत्यजीतने बुक केलं होतं. ताबा मिळाला तेव्हा सत्यजीतला जाऊन चौदा महिने झाले होते. जुन्या पनवेलमधल्या भाड्याच्या खोलीत त्यांनी पंचवीस वर्षं काढली होती, नवऱ्याच्या माघारी साड्यांना फॉल-पिको करून मुलाला वाढवलं होतं. आता मशीन, कपाट आणि दोन बॅगा घेऊन त्या एकट्याच वर आल्या.

पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चच्या मंडळीतली वीस-बावीस माणसं घराच्या प्रार्थनेला आली. गाणी झाली, प्रार्थना झाली, चहा-चिवडा झाला. निघताना महिला मंडळाच्या चारुताबाईंनी कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम काढली. काळ्या काचेवर सोनेरी अक्षरं होती. आरंभ लहान असला तरी तुझा शेवट फार थोर होईल, अशा अर्थाचं वचन आणि खाली बायबलातलं ठिकाण: ईयोब, आठवा अध्याय, सातवं वचन.

"आशाताई, हे खास तुमच्यासाठी निवडलंय," चारुताबाई म्हणाल्या. "आता इथून पुढे चांगलंच होणार बघा."

कुणीतरी ड्रिल मशीन आणलं होतंच. दारासमोरच्या भिंतीवर फ्रेम लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सलाम करून एकेक जण लिफ्टकडे गेला, आणि घर एकदम मोठं झालं.

आशालताबाईंनी कप विसळले आणि आपलं पवित्र शास्त्र काढलं. त्यांची जुनी सवय होती. कुणी एखादं वचन दिलं की ते शोधून त्याच्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारायची. लग्नात सासूबाईंनी त्यांना वचनांचा डबा दिला होता. लहानसा, प्लॅस्टिकचा, आत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या. रोज सकाळी एक चिठ्ठी उचलायची, वाचायची, दिवसभर मनात धरायची आणि परत ठेवायची. चाळीस वर्षांत प्रत्येक चिठ्ठी शेकडो वेळा हाती आली असेल. शास्त्र त्यांना पाठ होतं ते असं, चिठ्ठीचिठ्ठीने. ईयोबाचं म्हणाल तर प्रवचनात ऐकलेलं ठाऊक होतं: मोठा भक्त होता, त्याचं सगळं गेलं, मुलंबाळं गेली, त्याने देवाला सोडलं नाही, शेवटी देवाने दुप्पट दिलं. मधली चाळीसेक पानं कधी उघडायची वेळच आली नव्हती.

आठवा अध्याय सापडला. सातव्या वचनाखाली त्यांनी पेन्सिल टेकवली आणि नजर सहज वरच्या ओळींवर गेली.

चौथ्या वचनात म्हटलं होतं की, तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हवाली केलं.

त्यांनी ते परत वाचलं. पेन्सिल खाली ठेवली. चष्मा काढला, पदराने पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. ओळ तीच होती.

सत्यजीत जासईच्या एका कंटेनर यार्डात कामाला होता. तिथेच त्याला किशोरी भेटली होती. ती उरणकडच्या कोळ्यांची, यार्डाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. "आई, मला हिच्याशी लग्न करायचंय," असं त्याने सांगितलं तेव्हा आशालताबाईंनी जेवणाचं ताट बाजूला सारलं होतं. मुलगी ख्रिस्ती नाही, मंडळीत काय तोंड दाखवायचं, हे सगळं बोलून झालं. दोन महिने घरात धुसफूस चालली. मग त्याने द्रोणागिरीला खोली घेतली. किशोरी तिथे येते-जाते, असं कानावर आलं. एकदा तो कपडे न्यायला आला तेव्हा दारातच त्या म्हणाल्या, "लग्नावाचून हे जे चाललंय ना, ते पाप आहे. देव बघतोय. भोगशील." त्याने चपला घातल्या. बॅग उचलून जिना उतरला.

त्यानंतर पाच आठवड्यांनी संध्याकाळी ड्यूटीवरून परत जाताना रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रेलरवर त्याची मोटरसायकल आदळली. जागेवरच गेला. प्यायला होता, असं कुणीतरी म्हणालं आणि ते पसरलं. डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये तसं काहीच नव्हतं, पण रिपोर्ट कोण वाचतं?

दफनाच्या दिवशी किशोरी दफनभूमीच्या फाटकापाशी उभी होती. आत यायला निघाली तेव्हा आशालताबाई सगळ्यांसमोर ओरडल्या होत्या, "हिला आत घेऊ नका. हिच्यामुळे गेला तो." ती तिथूनच परत गेली.

आता ती भिंतीवरची अक्षरं आणि मांडीवरचं पान यांच्यामध्ये त्या बसून राहिल्या. देवाने उत्तर दिलं होतं. चौदा महिने त्या "का?" म्हणून विचारत होत्या, आणि घराच्या भिंतीला भोक पाडून त्याने उत्तर लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चारुताबाईंना फोन केला.

"चारुता, ते वचन तू कुठून घेतलंस?"

"कॅलेंडरवरून. जूनच्या पानावर होतं. का हो?"

"त्याच्या वरची ओळ वाचलीस?"

"नाही. काय आहे?"

आशालताबाईंनी वाचून दाखवली.

"अहो आशाताई," चारुताबाई म्हणाल्या, "आशीर्वादाचं वचन आहे, तेवढंच घ्यायचं. असं मागचं-पुढचं काढत बसलं तर कुठल्याच वचनातून आशीर्वाद मिळायचा नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका, असं म्हटल्याने काय होतं! त्या रविवारी आशालताबाई इस्त्रीची साडी नेसल्या, पर्समध्ये शास्त्र आणि रुमाल घातला, चपला घातल्या आणि खुर्चीत बसल्या. उपासना सुरू व्हायची वेळ झाली, संपायची वेळ झाली. मग त्यांनी चपला काढल्या. पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी साडीच बदलली नाही. वचनांचा डबा त्यांनी कपाटात कपड्यांच्या मागे सरकवला, कारण आता प्रत्येक चिठ्ठीच्या वर काय लिहिलेलं असेल याची भीती वाटायची.

सुरुवातीला मंडळीतून फोन यायचे. "बरं नाही," असं त्या सांगायच्या. मग फोन कमी झाले, मग सणापुरते उरले. जुन्या गिऱ्हाइकांना करंजाडं लांब पडायचं. स्टेशनजवळच्या एका दुकानातून आठवड्याला साड्यांचा गठ्ठा यायचा. तो वॉचमन लिफ्टमधून वर आणून दाराशी ठेवायचा, तयार गठ्ठा घेऊन जायचा. कधी कधी दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. वॉचमनने काही विचारलं तर आवाज घोगरा यायचा, घसा साफ करून परत बोलावं लागायचं. समोर डोंगर कापून काढलेला होता, त्याची तांबडी कड दिवसभर उन्हात दिसायची. मशीनवर बसलं की फ्रेम पाठीमागे यायची, म्हणून त्या सारख्या मशीनवरच बसायच्या.

फ्रेम उतरवायचं मात्र मनात आलं नाही. देवाचं वचन होतं. त्याने जे म्हटलं ते म्हटलं. आपला मुलगा पापात मेला, हे एकदा कबूल करून टाकलं की निदान भांडण तरी मिटतं, असं त्यांना वाटू लागलं होतं. पण कबूल केलं की त्या रात्री सत्यजीतचा चेहराच आठवायचा नाही.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी बेल वाजली. गठ्ठ्याचा दिवस नव्हता. दारात एक सावळी, उंच मुलगी उभी होती. ऑफिसची ओळखपत्राची पट्टी अजून गळ्यात होती, हातात कापडी पिशवी.

"मी किशोरी," ती म्हणाली.

"ओळखलं," आशालताबाई म्हणाल्या. दार लावून घ्यावं असं एक क्षण वाटलं. मग त्या बाजूला झाल्या. "आत ये."

किशोरीने चपला बाहेर काढल्या. पिशवी टेबलावर ठेवली. "द्रोणागिरीची रूम मी आतापर्यंत ठेवली होती. आता सोडली. त्याचं सामान होतं थोडं. तुमचा पत्ता यार्डातल्या त्याच्या फ्लॅटच्या कागदांवरून काढला." पिशवीतून दोन शर्ट निघाले, एक चार्जर, चष्म्याचं घर आणि निळ्या कव्हरचं शास्त्र. सत्यजीत सोळा वर्षांचा झाला तेव्हा आशालताबाईंनीच ते त्याला दिलं होतं.

त्यांनी पाणी आणलं. किशोरी पेला घेऊन उभीच होती, भिंतीकडे बघत.

"मावशी, हे बिल्ददचं वाक्य तुमी इथं कशाला लावलंय?"

"कुणाचं?"

"बिल्दद. ईयोबाचा दोस्त. तीन दोस्त येतात ना त्याला भेटायला, त्यातला. हे तोच बोलतो."

आशालताबाई खुर्चीत बसल्या. "तुला काय माहीत?"

"वाचलं ना मी." किशोरीने निळ्या पुस्तकावर हात ठेवला. "हे माझ्याकडं राहिलं होतं. घरी दाखवता येत नव्हतं कोनाला, म्हनून ऑफिसच्या ड्रॉवरमदी ठेवलं. जेवनाच्या सुट्टीत वाचायची. पैल्यांदा उघडलं तर मधलंच पान निघालं. एक मानूस रडतोय, दुसरा त्याला सुनावतोय, कोन कोनाला बोलतंय कायच कळेना. मंग मागं मागं जात त्या गोष्टीच्या सुरवातीला गेले, आनि तिथून सगळी वाचली. दोनदा वाचली."

"त्या वचनाच्या वर काय लिहिलंय, तेही वाचलंस?"

"पोरांनी पाप केलं असंल म्हनून मेली. वाचलं." किशोरीचा आवाज बदलला. "त्या दिवशी जेवले नाय मी. डबा तसाच परत नेला."

आशालताबाईंनी मान हलवली. "देवाचं वचन आहे, बाई. आपण काय बोलणार!"

"पन देव कुठं बोलतोय तिथं?"

"म्हणजे?"

"बिल्दद बोलतोय, मावशी. देव तवा गप हाय. देव लय शेवटी बोलतो." तिने पुस्तक उघडलं. पानं भराभर उलटली, तिला जागा ठाऊक होती. "हे बगा. शेवटचा अध्याय. तुमीच वाचा."

आशालताबाईंनी चष्मा लावला. बेचाळिसावा अध्याय, सातवं वचन. त्यांनी आधी मनात वाचलं, मग ओठ हलू लागले, मग मोठ्याने वाचलं. देव त्या तिघांतल्या थोरल्याला सांगत होता की, तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं खरं बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत.

"दोघा मित्रांवर," किशोरी म्हणाली. "त्यात हा पन आला."

आशालताबाईंनी पान सोडलं नाही. "म्हणजे ते जे चौथ्या ओळीत आहे..."

"ते त्याला वाटलं. त्याला काय म्हाईत नव्हतं, तरी बोलला. आता सुरवातीला चला." तिने पहिला अध्याय काढून दिला. "पोरं कशी मेली ते इथं हाय."

त्यांनी वाचलं. सगळी भावंडं थोरल्या भावाच्या घरी जमली होती. जेवत होती, द्राक्षारस पीत होती. रानाकडून मोठा वारा सुटला, घराच्या चारी कोपऱ्यांवर आदळला, घर त्यांच्या अंगावर पडलं. आशालताबाई पुढे वाचत गेल्या, मागे आल्या, परत पुढे गेल्या. पाप कुठेच नव्हतं. पोरं जेवायला बसली होती आणि वारा आला, एवढंच लिहिलेलं होतं. उलट त्यांचा बाप प्रत्येक मेजवानीनंतर पहाटे उठून, न जाणो, पोरांच्या मनात काही वाईट आलं असेल, म्हणून त्यांच्यासाठी देवाला होम करत होता.

चार महिने छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी दोन्ही हातांनी उचललं. आशालताबाईंना हुंदका फुटला. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ तशाच रडत राहिल्या. किशोरी समोर बसून होती. तिने त्यांना हात लावला नाही.

रडू ओसरल्यावर मात्र दुसरंच काही वर आलं. ते शब्द बिल्ददच्या तोंडून वाचण्याआधी आपण कुठे ऐकले होते, हे त्यांना आठवलं. जुन्या पनवेलच्या त्या दारात. त्यांच्याच तोंडून. भोगशील, असं.

"किशोरी," त्या म्हणाल्या, "मी सत्याला हेच म्हणाले होते. शेवटचं."

"मला म्हाईत हाय. सांगितलं होतं त्यानं."

"काय म्हणाला?"

किशोरीने विचार केला. खोटं बोलावं की नाही, असा तो विचार असावा. "म्हनाला, आईला भीती वाटते म्हनून ती असं बोलते. पन रडला होता."

आशालताबाईंनी पुस्तकाकडे पाहिलं. त्या बेचाळिसाव्या अध्यायात देव त्या मित्रांना पुढे सांगत होता की, ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. ज्याला बोललात त्याच्याकडेच जा. त्यांचा मुलगा तर आता कुठल्याच पत्त्यावर नव्हता. पण फाटकावरून जिला परत पाठवलं, ती समोर बसली होती.

"तुलाही मी बोलले. दफनाच्या दिवशी. माझं चुकलं गं. मला माफ कर."

किशोरी उठली. खिडकीशी जाऊन उभी राहिली. "मला त्याला शेवटचं बगायचं होतं, मावशी. तेवढं पन नाय बगू दिलं तुमी." ती वळली. "लगेच हो म्हनता येत नाय. खोटं कशाला बोलू?"

"नको बोलूस."

"मी जाते. अंधार पडायच्या आत उरणची गाडी धरायची हाय."

तिने पिशवीची घडी घातली. शर्ट टेबलावर राहिले. निळ्या पुस्तकापाशी तिचा हात अडखळला.

"हे द्यायलाच आले होते," ती म्हणाली. "पन माझं अजून वाचून झालं नाय."

"घेऊन जा. तुझ्याकडेच राहू दे."

किशोरीने पुस्तक ओळखपत्राबरोबर छातीशी धरलं आणि ती गेली. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आशालताबाईंना आतून ऐकू आला.

पुढच्या रविवारी त्या उपासनेला गेल्या. सगळ्यांनी हात हातात घेतले, तब्येत विचारली. उपासनेनंतर महिला मंडळ बसलं तेव्हा त्यांनी उभं राहून आठवा अध्याय पहिल्या वचनापासून वाचला. चौथ्या वचनाला दोघी-तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्यांनी शेवटचा अध्याय वाचला आणि कोण कुणाला काय बोललं ते जमेल तसं सांगितलं. एक बाई म्हणाल्या, "असं खोलात शिरायचं काम पाळकांचं." चारुताबाईंनी आपलं शास्त्र उघडून वरची ओळ स्वतः वाचली. गुरुवारी त्या एकट्याच करंजाड्याला आल्या.

"हे वचन मी आणखी तीन घरांत दिलंय," दारातच त्या म्हणाल्या. "एका घरात तर मूल गेलेलं होतं, आशाताई. त्यांनी वरची ओळ वाचली असेल का हो?"

"जाऊन विचार."

"भीती वाटते."

"मलाही वाटत होती. तरी जा."

चारुताबाईंनी स्टुलावर चढून फ्रेम काढली आणि कागदात गुंडाळून नेली. त्यानंतर दर गुरुवारी ईयोब पहिल्यापासून वाचायचा असं ठरलं. पहिल्या गुरुवारी चौघी आल्या, मग दोघी, मग नुसत्या चारुताबाई. काही गुरुवारी कुणीच यायचं नाही. मग आशालताबाई एकट्याच मोठ्याने वाचायच्या. प्रत्येक भाषणाआधी थांबून, हा कोण बोलतोय, ते स्वतःलाच सांगायच्या. घर तेवढंच रिकामं होतं. सत्यजीतचा चेहरा मात्र आता आठवायचा, हसतानाचासुद्धा.

डिसेंबरात एका संध्याकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मावशी, किशोरी बोलते. एक विचारायचं होतं."

"विचार ना."

"त्या ईयोबाला शेवटी परत दहा पोरं झाली ना. त्यातल्या तीन मुलींची नावं पन दिलीत. पैल्या दहांची नावं कुठं हायत? मला सापडंनात."

आशालताबाईंनी फोन खांद्याशी धरला, शास्त्र आणलं, चष्मा शोधला. पहिला अध्याय ओळीओळीने बोट फिरवत पाहिला. मग शेवटचा.

"नाहीत गं. लिहिलीच नाहीत."

"मंग दुसरी झाल्यावर पैल्यांचं त्यानं काय केलं? इसरला का?"

"तेही लिहिलं नाही."

"तुमाला काय वाटतं?"

चाळीस वर्षं त्यांच्यापाशी प्रत्येक प्रश्नाला एखादी चिठ्ठी असायची. आज नव्हती.

"मला वाटतं, तो रोज एकेकाचं नाव घेत असेल. पण हे मला वाटतं हं, किशोरी. पुस्तकात नाहीये."

"हां," किशोरी म्हणाली. मागे कुठेतरी होडीचं इंजिन चालू होतं, कुणीतरी तिला हाक मारत होतं. "आले," असं ती तिकडे ओरडली, मग परत फोनवर आली. "जेवलात का तुमी?"

"नाही अजून."

"मंग जेवा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

आशालताबाईंनी पुस्तक मिटलं. आत जाऊन एका माणसापुरते तांदूळ धुतले आणि कुकर लावला.